बलभीमरावांची सुटसुटीत येळवस

बलभीमरावांच्या तोंडून 'सुटसुटीत' हा शब्द दिवसातून किती वेळा बाहेर पडतो, हे त्यांच्या पत्नीनं, म्हणजे राजेश्वरीबाईंनी, एकदा मोजायला घेतलं होतं. दुपारच्या चहापर्यंत सतरा झाले. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं, कारण तेच जास्त सुटसुटीत होतं.

धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत बलभीमराव अव्वल कारकून. नाव बलभीम असलं तरी अंगानं पाच फूट तीन इंच, आणि ते स्वतःच म्हणत की देवानंही आपल्याला वागवायला सोपं जावं असंच घडवलंय. त्यांची पिशवी सुटसुटीत, चप्पल सुटसुटीत, सही तर इतकी सुटसुटीत की बँकेनं ती दोनदा परत पाठवली होती. लग्नाआधी मुलगी बघून आल्यावर थोरल्या भावानं विचारलं, "कशी वाटली?" तेव्हा बलभीमराव म्हणाले होते, "सुटसुटीत आहे." त्यांच्या शब्दकोशात याहून मोठं कौतुक नव्हतं. पण हे वाक्य फिरत फिरत मुलीकडच्यांच्या कानावर गेलं, आणि राजेश्वरीबाई गेली अठ्ठावीस वर्षं त्याचा खुलासा मागत होत्या. खुलासा अद्याप अप्राप्त होता.

पुण्यात नोकरी करणाऱ्या शिवांजलीनं, त्यांच्या लेकीनं, एकदा फोनवर विचारलं, "बाबा, पण सुटसुटीत म्हणजे नक्की काय हो?"

बलभीमरावांनी चष्मा काढून पुसला. असा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच कुणी गांभीर्यानं विचारला होता. "हे बघ," ते म्हणाले, "जे उचलल्यावरही आपला एक हात मोकळा राहतो, ते सुटसुटीत. दोन्ही हात मोकळे राहिले तर अतिउत्तम. पण तसली वस्तू अजून निघालेली नाही."

आता अशा माणसाला येळवस कशी वाटत असेल, याचा विचार करा. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्ष सरताना आपल्याकडं गावंच्या गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ज्वारीच्या रानात कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून बसवायचे, शेजारी सहावी द्रौपदी. पालेभाज्या आणि कोवळ्या दाण्यांची भज्जी, ज्वारीचे वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, खीर आणि आंबील, असा सगळा सरंजाम डोक्यावरून शेतात न्यायचा, पिकात आंबील शिंपायची, आणि मग रस्त्यानं जो दिसेल त्याला हात धरून जेवायला बसवायचं. ओळख असायची गरज नाही. भूकही असायची गरज नाही. बलभीमरावांचे थोरले भाऊ बिभीषणदादा ढोकीला शेती बघत, आणि त्यांच्या येळवशीला किती माणसं जेवली हे त्यांना कधीच सांगता येत नसे. "जेवली की लई," एवढाच हिशोब. बलभीमराव दरवर्षी इस्त्रीच्या शर्टात बांधावर उभे राहून म्हणत, "दादा, हे सगळं जरा सुटसुटीत व्हायला पाहिजे."

यंदा दसऱ्यात दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिवाळीला बलभीमराव ढोकीला गेले, तेव्हा दादा बाजेवर पाय लांब करून बसले होते. बोलता बोलता येळवशीचा विषय निघाला, बलभीमरावांच्या तोंडून तो शब्द निघाला, आणि दादांनी सुपारी कातरता कातरता अडकित्ता खाली ठेवला.

"बलभीम, लई वर्सं ऐकतोय म्या तुझं. अवंदा तूच कर येळवस. तुझ्या सुटसुटीत पद्धतीनं."

"करतो की."

"जमलं तर फुडच्या सालापासून माझी पद्धत बंद, तुझी चालू. आन् न्हाय जमलं, तर आंबिलाची बिंदगी डोक्यावर घ्यायची, घरापासनं शेतापतुर गावातनं चालत यायचं. दर साली. कुरकुर न करता."

ही बिंदगी म्हणजे आंबिलानं भरलेली मातीची लहान घागर. त्यांच्या घरात ती घरच्या पुरुषानं अनवाणी, अंगावर घोंगडी घेऊन डोक्यावरून न्यायची चाल होती, आणि वडील गेल्यापासून चौतीस वर्षं ती दादाच नेत होते. नोकरी लागल्यापासून बलभीमराव त्या दिवशी नेमके उशिरा पोचत. अव्वल कारकून डोक्यावर घागर घेऊन गावातून जाताना कसा दिसेल, हे चित्र नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी त्यांचे कान तापत. त्यांनी पैज मान्य केली. सत्यभामावहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "भावजी, इचार करून बोला बरं." पण बलभीमराव विचार करूनच बोलत होते, हीच तर अडचण होती.

धाराशिवला आल्या आल्या त्यांनी योजना आखली. माणसं बारा, नावानिशी. वेळ अकरा ते दोन. भज्जी एका मोठ्या कुकरात. आंबिलासाठी बिंदगीऐवजी दोन थर्मासचे जार, बटण दाबलं की धार. आणि कडब्याच्या कोपीऐवजी तंबू. तंबूची जाहिरात त्यांनी मोबाइलवर पाहिली होती: 'दोन सेकंदांत उभा, वजनानं हलका, कुठेही न्या.' बलभीमरावांना ती जाहिरात खास आपल्यालाच उद्देशून केलीय असं वाटलं.

तंबू आला तो एका चपट्या गोल पिशवीत, परातीएवढा. बलभीमरावांनी तो एका हातानं उचलून दाखवला, दुसरा हात हवेत हलवून दाखवला. "बघितलंस? याला म्हणतात सुटसुटीत." मग त्यांनी हॉलमध्ये, नुसतं बघायला म्हणून, पिशवीची चेन उघडली.

जाहिरातीत खोट काढायला जागा नव्हती. तंबू खरोखरच दोन सेकंदांत उभा राहिला. त्यात टीपॉय आडवा झाला, त्यावरचे कप गेले, सासऱ्यांची तसबीर भिंतीवरून तंबूच्या डोक्यावर आली, आणि राजेश्वरीबाई स्वयंपाकघराच्या बाजूला व बलभीमराव दाराच्या बाजूला असे नवराबायको विभक्त झाले. निळ्या कापडापलीकडून आवाज आला, "अहो, आता मिटवा."

इथं खरी गोष्ट सुरू होते. मोबाइलवर एक मुलगी तोच तंबू आठ सेकंदांत मिटवून दाखवत होती आणि मिटवताना हसत होती. बलभीमरावांनी तो व्हिडिओ बावीस वेळा पाहिला. तंबू मिटला नाही, आणि मुलीचं हसणं मात्र दर वेळी जास्तच झोंबू लागलं. एक बाजू दाबली की दुसरी उसळून तोंडावर येई. आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरचे आण्णासाहेब खाली आले. आण्णासाहेब जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीकडं ते अडलेल्या म्हशीकडं बघावं तसे बघत.

"घाबरवू नका त्याला," आण्णासाहेब म्हणाले. "आधी मागचे पाय धरा."

"आण्णासाहेब, हा तंबू आहे."

"तेच म्हणतो मी. मागनं धरा, मी मान दाबतो. वहिनी, तुम्ही दोरी आणा."

तासाभरानं तंबू जसाच्या तसा उभा होता, आण्णासाहेबांच्या कपाळाला टेंगूळ होतं, आणि ते धापा टाकत निदान सांगत होते की जनावर अडेल आहे, पण एकदा मोकळ्या रानात गेलं की वठणीवर येईल. पुढचे दहा दिवस त्या घरात माणसं तंबूत बसून जेवली, कारण दुसरीकडं बसायला जागाच नव्हती. राजेश्वरीबाई आल्यागेल्याला सांगत, "आमच्याकडं आता सगळं सुटसुटीत झालंय. या ना, रांगत आत या."

हे कमी होतं म्हणून की काय, कचेरीनं उचल खाल्ली. कचेरीचा यात काही दोष नव्हता, दोष बलभीमरावांचाच होता. पूर्वी सुट्टीत गावी जायचं तर साहेबांच्या दारात डोकावून "साहेब, उद्या गावाकडं जाऊन येतो" एवढं म्हणायचं, साहेब "या" म्हणायचे, की झाली मुख्यालय सोडण्याची परवानगी. हा ढिसाळपणा बलभीमरावांना सहन झाला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्यासाठी एक सुटसुटीत नमुना तयार केला होता. एकच कागद. फक्त पाठपोट. रकाने एकोणीस. तो आवक, आस्थापना आणि लेखा अशी तीन टेबलं फिरून साहेबांकडं जाई, आणि तेव्हापासून कचेरीतले लोक सुट्टीत गावाला जायचं टाळत किंवा न सांगता जात.

स्वतःचाच नमुना, तेव्हा बलभीमरावांना एकही रकाना रिकामा सोडता येईना. 'जाण्याचे ठिकाण, खुणेसह' यात त्यांनी लिहिलं: मौजे ढोकी, कारखान्याच्या रस्त्याने पुढे, दोन बाभळींनंतर डावीकडे, विहिरीजवळ. 'प्रयोजन': वेळा अमावस्या. 'वेळ': अकरा ते दोन. 'भोजनाची सोय': तेथेच.

बसप्पा हा कचेरीतला जुना शिपाई. उमरग्याकडचा, आणि कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती न देणारा. त्यानं तो नमुना तिन्ही टेबलांवर सुस्वर वाचून दाखवला. आता येळवशीच्या तोंडावर शेताचा पत्ता, खूण, वेळ आणि 'भोजन तेथेच' असं लिहिलेला कागद टेबलावर आला, तर त्याला या जिल्ह्यात आमंत्रणच म्हणतात. कागद परत आला तेव्हा आस्थापनेचा शेरा होता, 'पाहिले, आभारी आहोत.' लेख्याचा होता, 'सहकुटुंब का, हे कळावे.' आणि सर्वांत खाली साहेबांची सही: 'परवानगी देण्यात येत आहे. मीही येतो.'

बलभीमराव खुर्चीत बसून राहिले. येळवशीला 'येऊ नका' म्हणणारा माणूस धाराशिव जिल्ह्यात अजून जन्माला आलेला नाही, आणि तो मान आपण पटकावावा अशी त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी यादीत खाडाखोड करून बाराचे पंधरा केले. येणारे फार तर दोन-तीन, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस घाबरला की असे बेतशीर आकडे काढतो.

अमावस्येच्या सकाळी तंबू गॅलरीतून दोरीनं खाली सोडला, आणि तसाच, उभाच्या उभा, गाडीच्या टपावर बांधला. आण्णासाहेबांनी त्याला बांधताना खास निरगाठ मारली, जिनं म्हणे माजलेला वळूसुद्धा जागचा हलत नाही. कुकर, दोन जार, यादी, खुंट्या असा सगळा सुटसुटीत संसार गाडीत कोंबून नवराबायको निघाले. ढोकीच्या रस्त्याला कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक लागले होते. वाऱ्यानं तंबू फुगला की गाडी डावीकडं झुके. एका ट्रॅक्टरवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काका, खुराडं घेऊन कुठं निघालाव? कोंबड्या मागनं येत्यात व्हय?" राजेश्वरीबाई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

शेतात दादा बाभळीखाली बाजेवर बसले होते. त्यांनी टपावरून उतरणारी ती निळी वस्तू शांतपणे पाहिली.

"ह्यात पांडव बसणार व्हय?"

"हो दादा. वारा नाही, ऊन नाही."

पांडव बसवले. कापडातून येणाऱ्या उजेडात पाचही जण निळेजांभळे दिसू लागले. सत्यभामावहिनी आत डोकावून म्हणाल्या, "भावजी, द्रौपदी गारठल्यागत दिसती हो." खुंट्या काळ्या भुसभुशीत मातीत सहज आत जात आणि तितक्याच सहज वर येत. बलभीमरावांनी एका हातात खुंटी, दुसऱ्या हातात दगड, बगलेत यादी आणि दातांत गाडीची किल्ली अशा अवस्थेत शेवटची खुंटी ठोकली, तेवढ्यात कारखान्याच्या रस्त्याकडून हॉर्न ऐकू आले.

कचेरी आली. दोन जीप, सहा मोटरसायकली आणि एक टमटम. लेखा सहकुटुंब आला होता, आणि लेख्याच्या कुटुंबात मेहुणेही धरले जातात हे बलभीमरावांना त्या दिवशी कळलं. दोन बाभळी, डावीकडं, विहीर. कुणीही चुकलं नव्हतं, इतका नमुना अचूक होता. सगळे मिळून एक्केचाळीस. पांढऱ्या शुभ्र शर्टात साहेब पुढं झाले, "वा बलभीमराव, काय आटोपशीर केलंय!" म्हणाले, आणि मानाचे पाहुणे म्हणून बलभीमरावांनी त्यांना जारचं बटण दाबायची विनंती केली.

आंबील आंबवतात, म्हणून तर ती आंबील. ताक आणि ज्वारीचं पीठ दोन दिवस फसफसत असतं. मातीच्या बिंदगीला श्वास घ्यायला जागा असते, जारचं झाकण मात्र जाहिरातीप्रमाणं पक्कं हवाबंद होतं. साहेबांनी बटण दाबलं. मोठा आवाज झाला, झाकण उडालं, आणि साहेब केसांपासून बुटापर्यंत आंबिलानं न्हाले. दुसऱ्या जारला कुणी हातही लावला नव्हता. तो जोडीदाराच्या दुःखानं आपला आपणच फुटला.

साहेबांनी मिशीवरचा थेंब जिभेनं टिपला आणि थोडा विचार करून म्हणाले, "मीठ बेताचं आहे."

इतक्यात वाऱ्याची एक झुळूक आली. तंबू खुंट्यांसकट उचलला गेला, ज्वारीच्या कणसांवरून तरंगत बांध ओलांडून पलीकडं गेला, आणि शेजारच्या महांतप्पाच्या पंगतीवर अलगद जाऊन बसला. तिकडून हाक आली, "बिभीषणदादा, तुमची कोप आलीया हिकडं! तिलाबी जेवायला वाढू का?"

बलभीमराव उघड्यावर पडलेल्या पांडवांपुढं उभे होते. पंधरा माणसांचा कुकर, एक्केचाळीस माणसं, आंबील साहेबांच्या अंगावर. त्यांना मनापासून रडू येत होतं, पण दोन्ही हात दोन रिकाम्या जारांत अडकलेले असल्यामुळं डोळे पुसायची सोय नव्हती. चुकून कुठं लांब बदली मिळेल का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

दादा बाजेवरून हलले नाहीत. त्यांनी नुसते दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाळी दिली, "आरं महांतप्पाऽऽ, पाव्हणं आल्यात!"

किती आलेत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि महांतप्पानं विचारलं नाही. त्यानं ती हाळी पुढच्या शेतात दिली, तिथून ती त्याच्या पुढच्या शेतात गेली. पाव घटकेत चारी बांधांवरून बाया टोपली घेऊन यायला लागल्या. चार घरची भज्जी, चार चवींची. तीळ लावलेल्या भाकरींची चळत. कुणी चटई आणली, कुणी पाण्याची घागर. दोन गड्यांनी शेजारच्या बुचाडातला, म्हणजे पेंढ्यांच्या ढिगातला, कडबा ओढून बोलत बोलत पांडवांवर कोप उभी केली, आणि तिला दोन सेकंद नाही तरी दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कुणाच्याच डोक्यावर फार ओझं नव्हतं, कारण ओझं सगळ्यांनी वाटून घेतलं होतं. बलभीमराव बगलेतली यादी घेऊन नुसतेच बघत राहिले. तीस वर्षं ज्याला आपण गोंधळ म्हणालो त्यात एकही रकाना नाही, आणि एकही माणूस उपाशी राहत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

पण जेवायला कुणी बसेना. पांडवांना नैवेद्य नाही, पिकात आंबील शिंपलेली नाही.

"आंबील हाय घरी," सत्यभामावहिनी हळूच म्हणाल्या. "बिंदगी भरून ठिवलीया म्या. पांडवांनी बाटलीतनं पिल्याचं काय आपल्याला ठावं न्हाय बया."

बसप्पा लगेच पुढं आला. "मी मोटरसायकलवर आणतो की."

"गाडीवर न्हाय," दादा म्हणाले. "घरच्या माणसाच्या डोक्यावर."

एक्केचाळीस माणसं बलभीमरावांकडं बघू लागली. दादांनी पैजेचा उच्चारही केला नाही. दादांनी नुसता आपल्या पट्टी बांधलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला.

आंबिलानं निथळणारे साहेब म्हणाले, "जा ना बलभीमराव. परवानगी आहे."

घरापर्यंत बसप्पानं त्यांना वहिनींसोबत सोडलं. पुढचं सगळं वहिनींनी केलं. चप्पल काढायला लावली, घोंगडी पांघरली, डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवली आणि तिच्यावर बिंदगी. बलभीमरावांनी दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं. उंबऱ्याबाहेर पडताच आंबिलाची एक गार धार कानामागून कॉलरमध्ये उतरली. पुढं गल्ली लागली. त्या दिवशी गावात माणूस नसतं म्हणतात, पण ज्यांना शेतापर्यंत चालवत नाही अशी सगळी म्हातारी माणसं ओट्यावर असतात, आणि त्यांना दुसरं काही काम नसतं.

"ह्यो बिभीषणचा धाकटा न्हवं? हापिसातला?"

"त्योच. म्या म्हणलं, ह्यो येतो का न्हाय ह्या जल्मात."

कान तापले. पायांना खडे टोचले. कोसभर नाही, पण मैलभर रस्ता पुढं दिसत होता. शेवटच्या ओट्यावर ऐंशीच्या धुरपताबाई बसल्या होत्या. लहानपणी त्यांच्याच शेतातले हरभरे बलभीमरावांनी चोरले होते. त्या म्हणाल्या, "आरं लेकरा, एवढं कवटाळू नगं तिला. मान ताठ ठिव, नजर लांब ठिव, आन् सोडून दे. ती न्हाय पडत."

बलभीमरावांनी मान ताठ केली. तीस वर्षं कागदावर वाकलेली मान करकरली, पण वर आली. मग त्यांनी भीत भीत एक हात सोडला. बिंदगी पडली नाही. दहा पावलांनी दुसरा सोडला. बिंदगी डोक्यावर तशीच, आतल्या आंबिलासकट, डुलत चालली होती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. त्यांनी सहज काढून कानाला लावला.

"बाबा, येळवस कशी चाललीय? काय करताय?" शिवांजली विचारत होती.

"चालतोय." बलभीमरावांनी आपला रिकामा डावा हात पुढं धरून बघितला, मग फोन धरलेला उजवाही बघितला. "शिवा, तुला मी म्हणालो होतो ना, तसली वस्तू अजून निघालेली नाही म्हणून?"

"कसली वस्तू?"

"ती निघाली होती गं. लई आधीच."

शेताच्या बांधावर दादा काठी टाकून उभे होते. ऑपरेशननंतर प्रथमच ते आधाराशिवाय उभे राहिले होते. बलभीमरावांना त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण डोक्यावर बिंदगी असताना वाकता येईना. दादांनीच दोन्ही हात वर केले आणि ती उतरवून घेतली.

"चौतीस सालं म्या आणली," दादा खालच्या आवाजात म्हणाले. "आता माझ्यानं होईना. कुणाच्या डोक्यावर ठिवावी म्हणून झोप लागत नव्हती बघ. लेक दीपाली सासरी, दुसरं हाय कोण मला?"

"मग दादा, मला सरळ सांगायचंत ना."

"सरळ सांगितलं असतं, तर तू अर्ज मागितला असतास."

बलभीमराव हसले, आणि हसता हसता त्यांना जे मघापासून येत होतं ते रडूही आलं. या वेळी डोळे पुसायला दोन्ही हात मोकळे होते.

मग ते पिकात आंबील शिंपत फिरले. 'ओलगे, ओलगे' ही पिढ्यान्‌पिढ्यांची आरोळी त्यांनी इतक्या जोरानं दिली की आस्थापना विभाग पानावर बसता बसता दचकला. तिचा अर्थ काय, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच कुणाला विचारलं नाही. निघताना साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तो तुमचा नमुना रद्द करा. पुढच्या वर्षी नुसतं 'या' म्हणा." तंबू महांतप्पाकडंच राहिला. तो कुणालाच मिटला नाही, आणि आता त्यात खरोखरच कोंबड्या असतात.

दिवेलागणीला नवराबायको धाराशिवला परतले. बलभीमराव जिना चढू लागले, हलके, मान ताठ, हात झुलवत. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं. राजेश्वरीबाई वर येत होत्या. एका हातात कुकर, दुसऱ्या हातात दोन जार, खांद्याला वहिनींनी दिलेल्या भाकरींची पिशवी, बोटात अडकवलेली गाडीची किल्ली, आणि काखेत त्यांची यादी.

बलभीमराव जागच्या जागी थांबले. लग्नापासून आपले हात कशामुळं मोकळे राहिले, हे त्यांना त्या पायरीवर एकदम कळलं. ते खाली उतरले, आणि त्यांनी कुकर घेतला, जार घेतले, पिशवी घेतली.

राजेश्वरीबाईंनी आपल्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "खुलासा प्राप्त झाला."